व्हर्लिनच्या कागदावरचा तिसरा रकाना

आमच्या गावात घाई असलेला माणूस व्हर्लिन श्रागकडे जात नाही. तुम्हाला गोठा बांधायचा असो, ट्रॅक्टरची शेड असो की चर्चचं स्वयंपाकघर, त्याला किती खर्च येईल हे विचिटा शहरातल्या कंपन्या फोनवर तीन मिनिटांत सांगतात. व्हर्लिनला तीन आठवडे लागतात. त्या तीन आठवड्यांत तो तुमच्या जागेवर असा वावरतो, की शेवटी जागा त्याची आणि आपण पाहुणे असं वाटायला लागतं. मी त्याला एकदा तोंडावर चोर म्हटलं आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल चांगलं लिहायचं कर्ज माझ्यावरच आहे.

मी नोरीन. आर्डिथ माझी वहिनी आणि डॉइल माझा भाऊ. आर्डिथच्या वडिलांच्या शेतावर, हायवेच्या कडेला, त्या दोघांनी सामान ठेवायचे चौसष्ट गाळे बांधले. पत्र्याच्या लांब रांगा, प्रत्येक गाळ्याला नारिंगी शटर, भाडं महिन्याचं आणि कुलूप ज्याचं त्याचं. डॉइलला जाऊन चार वर्षं झाली. बारा वर्षांपूर्वी मी इथे राहायला आले तेव्हापासून ऑफिस माझ्याकडे आहे. फोन घ्यायचे, पावत्या फाडायच्या आणि ज्यांची किल्ली हरवते त्यांच्याबरोबर कटर घेऊन जायचं. माणसं मरतात, नवरा-बायको वेगळे होतात, मोठं घर विकून लहान घरात जातात, पण आजीचं कपाट टाकून द्यायला कुणाचा हात होत नाही. त्यामुळे आमचं बरं चाललं होतं. मागच्या वर्षी तर गाळा रिकामा होण्याची वाट बघत एकतीस माणसं नाव लिहून बसली होती.

मागच्या बाजूला दोन एकर गवत होतं, सपाट, हिरवंगार. आर्डिथने ठरवलं, तिथे आणखी बावन्न गाळे घालायचे. बँक पाच लाख वीस हजार डॉलरपर्यंत द्यायला तयार झाली. तारण म्हणून आर्डिथचं राहतं घर. ती एकाहत्तर वर्षांची, आणि त्या घराखेरीज तिच्याकडे दुसरं काही नाही. काम अर्ध्यात पैसे संपून अडलं किंवा बांधलेलं फुटलं, तर ती रस्त्यावर येणार हे आम्हा दोघींना न बोलता माहीत होतं. विचिटाच्या एका कंपनीने चौरस फुटाला इतके असा हिशेब करून चार लाख पंच्याऐंशी हजार सांगितले होते. त्यांचा माणूस जागा बघायलासुद्धा आला नव्हता. मी म्हटलं, "घे आणि मोकळी हो." पण बँकेला दोन अंदाज लागतात, आणि दुसरा गावातल्या माणसाचा लागतो. म्हणून व्हर्लिन आला. आर्डिथने आपणहून त्याला बोलावलं नसतं. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

पहिल्या दिवशी त्याने काय केलं असेल? इमारतींच्या कोपऱ्यांना पडलेले पोचे मोजले. गुडघ्यात वाकून, प्रत्येक पोच्याला बोट लावून, चौसष्ट गाळ्यांभोवती त्र्याहत्तर वर्षांचा माणूस फिरत होता. मी खिडकीतून विचारलं, "व्हर्लिन, काही हरवलंय का तुझं?"

"सव्वीस पोचे आहेत," तो म्हणाला. "एकोणीस आतल्या वळणावर. तुमची गल्ली चोवीस फुटांची आहे. भाड्याचा ट्रक घेऊन येतो तो माणूस आयुष्यात पहिल्यांदाच ट्रक चालवत असतो. तीस फूट हवेत."

"म्हणजे खडी जास्त लागणार."

"लागणार," असं म्हणून त्याने लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी जो जो भाडेकरू आला त्याचं शटर वर-खाली करून त्याने नुसता आवाज ऐकला. तिसऱ्या दिवशी बर्फ ढकलणाऱ्या ड्वेनला गाठून विचारलं, हिवाळ्यात तू बर्फाचा ढीग कुठे लावतोस? विचिटावाल्यांनी नकाशात नेमक्या त्याच जागी सहा गाळे आखून ठेवले होते. पाऊस पडला त्या दिवशी माणसं घरात बसतात. हा रबरी बूट घालून गवतात उभा होता, हातात थर्मास, पाणी कुठून कुठे जातं ते बघत. मध्येच ऑफिसात येऊन त्याने माझ्या डब्यातली दोन बिस्किटं खाल्ली आणि पुन्हा पावसात गेला. मला त्याचा राग यायचा आणि त्याच वेळी त्याच्यासाठी बिस्किटं जास्त आणाविशी वाटायची.

त्याचा कागद गावात सगळ्यांना माहीत आहे. छापील फॉर्म नाही, कॉम्प्युटर नाही. सुताराची चपटी पेन्सिल आणि तीन रकाने. पहिल्यात काम, दुसऱ्यात पैसे, आणि तिसऱ्यात: कोणी सांगितलं. काँक्रीटच्या कोब्यासमोर काँक्रीटवाल्या रेडिगरचं नाव. बर्फाच्या जागेसमोर ड्वेनचं. नावापुढे कधी "खात्रीचा" असं लिहिलेलं असतं, कधी "बोलतो फार". स्वतः बघितलं असेल तर "मी, अमुक तारखेला". बाकीचे लोक शेवटी दहा टक्के अनपेक्षित खर्च म्हणून जोडतात. व्हर्लिन तसं जोडत नाही. कशाची भीती आहे ते तो एकेक करून लिहितो, आणि ती भीती कोणी घातली तेही लिहितो. श्राग मंडळी मेनोनाइट पंथाची ख्रिस्ती. त्यांच्यात शपथ घेत नाहीत, हो म्हणजे हो. मला वाटायचं हा रकाना त्यातूनच आला असेल.

तसं नव्हतं. तो रकाना एका चुकीतून आला, आणि ती चूक त्याने मला स्वतः सांगितली, तीही मी त्याची टिंगल करत होते तेव्हा. तो एकतीस वर्षांचा असताना त्याच्या चुलतभावाने, लायमनने, यंत्रं ठेवायची शेड बांधायला काढली. खर्चाचा अंदाज व्हर्लिनचा. खडक चार फुटांवर लागेल असं कुणीतरी सांगितलं होतं, ते त्याने धरून चाललं. खडक अकरा इंचांवर लागला. सुरुंग लावावे लागले. शेड उभी करायला लायमनने सगळी गुरं विकली.

"खूप बोलला असेल तुला," मी म्हटलं.

"एक अक्षर नाही. पुढच्या रविवारी जेवायला आम्ही समोरासमोर होतो. त्याने बटाट्याचं भांडं माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाला, घे ना, गरम आहेत." व्हर्लिनने थर्मासचं झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. "खडक चार फुटांवर आहे हे मला कोणी सांगितलं होतं, ते मला आजपर्यंत आठवत नाही, नोरीन. मी खूप आठवून बघितलं."

त्यानंतर मी त्या रकान्याची टिंगल केली नाही. माणसाची मात्र केली, ती वेगळी गोष्ट.

दुसऱ्या आठवड्यात त्याने गिरमिट काढलं. चार इंच रुंदीचं, हाताने फिरवायचं, जमिनीत सहा फूट जाणारं. ते बघितल्याबरोबर आर्डिथ ऑफिसातून बाहेर गेली. वहिनीला मी इतकं झपझप चालताना कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

"त्या पूर्वेच्या कोपऱ्यात भोकं पाडू नकोस हं," ती म्हणाली. "सेप्टिक टँकची लाइन आहे तिथे."

व्हर्लिनने आमच्या ऑफिसच्या संडासाकडे बघितलं, मग कोपऱ्याकडे बघितलं. "बरं," तो म्हणाला.

त्या दिवशी तो बाकीच्या जागेत भोकं पाडत राहिला. एकेक भोक कोपऱ्याच्या जवळ जवळ जात होतं, पण कोपऱ्यात त्याने पाऊल टाकलं नाही. दुपारी मी बघितलं, तो खाली वाकला, गिरमिटाच्या पात्यातून काहीतरी सोडवून घेतलं, बोटांनी पुसलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.

तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी सकाळी तो कागद घेऊन आला. बँकेची भेट गुरुवारी दहा वाजता. आर्डिथने कॉफी ओतली. मी चष्मा लावून वरून खाली वाचत गेले. चार लाख अठ्ठ्याण्णव हजार. मनात म्हटलं, ठीक आहे, विचिटापेक्षा तेरा हजार जास्त, पण बसतंय. आणि मग सर्वांत खालची ओळ दिसली. पहिल्या रकान्यात लिहिलं होतं, "पूर्वेचा भराव काढून माती घालणे." पैशांचा रकाना कोरा होता. तिसरा रकानाही कोरा.

"हे काय?" मी विचारलं.

"ती जमीन मूळची नाही. कुणीतरी भरलेली आहे. त्यावर कोबा घातला तर दोन वर्षांत फुटेल, शटर अडकतील."

"किती लागतील?"

"भराव सगळीकडे असेल तर लाख-सव्वा लाख. थोडा असेल तर थोडे. मला माहीत नाही."

लाख-सव्वा लाख! म्हणजे बँकेचा दरवाजा बंद. माझं डोकं फिरलं. "तीन आठवडे आमची बिस्किटं खाऊन तू आज सांगतोस माहीत नाही? विचिटावाले याच जमिनीवर चार पंच्याऐंशीत बांधून देतात, आणि तू वर लाखभर चिकटवतोस? डॉइल म्हणायचा ही जमीन दगडासारखी आहे. माझ्या मेलेल्या भावाला खोटं पाडतोस? चोर आहेस तू, व्हर्लिन श्राग!"

तो चिडला नाही. खिशातून त्याने एक वस्तू काढून टेबलावर उभी केली. बोलिंगच्या बक्षिसावर असतो तो सोनेरी माणूस. कमरेपासून वरचा, हात मागे नेलेला, अंगाला चिखल. त्याच्या शेजारी तपकिरी गालिच्याची एक चिंधी ठेवली.

"पाच फूट खोल मिळाला," तो मला म्हणाला. आर्डिथकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. तिला लाजवायचं नव्हतं म्हणून तो मुद्दाम बघत नव्हता, हे मला आता कळतं. "गिरमिट मला एवढंच सांगतं, की काहीतरी आहे. ते कुठपर्यंत आहे, हे माणसानेच सांगायला हवं. दुपारपर्यंत थांबतो. कुणीच सांगितलं नाही, तर मी उद्या बँकेत हा कागद असाच कोरा देईन. मनाने आकडा टाकणार नाही."

आर्डिथ त्या सोनेरी माणसाकडे बघत होती. कॉफी निवली.

"तळं होतं तिथे," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. ती मात्र टेबलाशीच बोलत होती.

"भाडं थकलं की तीन महिन्यांनी कुलूप तोडायचं, लिलाव करायचा, असा कायदाच आहे. लिलावाला येणारे टीव्ही नेतात, हत्यारं नेतात. गाद्या, खेळणी, लग्नाचे अल्बम, मुलांची बक्षिसं, हे मागेच राहतं. कचऱ्याच्या डेपोवर वजनाने पैसे घेतात. आणि डॉइलला... नोरीन, तुला तुझा भाऊ माहीत आहे. तो एकदा डेपोवर गेला होता. तिथल्या माणसाने कुठल्यातरी बाळाचा फोटो बुलडोझरखाली घातला. डॉइल घरी येऊन जेवला नाही. त्यानंतर सगळं तळ्यात टाकायला लागला. म्हणायचा, आपल्याच जमिनीत राहू दे, उद्या कुणी विचारत आलं तर निदान कुठे आहे ते सांगता येईल. नऊ वर्षं टाकत होता. मग वरून माती घातली, गवत पेरलं. तू इथे राहायला यायच्या आधीचं हे सगळं."

"आणि तू आम्हाला सांगितलं नाहीस," मी म्हटलं.

"काय सांगू? माझ्या नवऱ्याने लोकांचे संसार पुरले म्हणून? विचिटावाले काही विचारत नव्हते. मला वाटलं, जाईल निभावून." तिने कप बाजूला सारला. "घर माझं जाणार होतं ना. जाऊ दे म्हटलं. पण गावात त्याला कुणी हसायला नको."

मी तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. खरं सांगते, माझ्या भावाला तिने माझ्यापेक्षा जास्त जीव लावला होता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं आणि मला स्वतःची लाज वाटली.

व्हर्लिनने पेन्सिल कानामागे खोचली. "आर्डिथ, तुला तळ्याचा काठ आठवतो?"

"आठवतो का म्हणजे? मी पोहायला शिकले त्या तळ्यात."

"मग चालून दाखव."

आम्ही तिघं मागच्या गवतात गेलो. एप्रिलचा वारा असा होता की माझा रुमाल उडाला. आर्डिथ आधी नुसती उभी राहिली. मग तिने बूट काढले. का काढले, विचारू नका. मोजे घालून ती गवतात चालायला लागली, हळूहळू, जिथे काहीच नव्हतं तिथे एकेक वळण घेत. "इथे एल्मचं झाड होतं, बाबांनी दोरी बांधली होती," ती म्हणायची, आणि वळायची. "इथे चिखल. गाय रुतली होती एकदा. इथून उथळ." तिच्या मागोमाग व्हर्लिन, काखेत छोट्या केशरी झेंड्यांचा गठ्ठा, तिचं पाऊल उचललं की तिथे एक झेंडा खोचत. एकदा ती थांबली, दोन पावलं मागे आली, म्हणाली, "नाही, इथे नाही," आणि व्हर्लिनने झेंडा मुकाट्याने उपटून दोन पावलं अलीकडे लावला. मी बूट हातात धरून उभी होते. ती निघाली होती तिथे परत पोचली, तेव्हा गवतात पूर्ण तळं उभं राहिलं होतं.

ते वाटलं होतं तेवढं मोठं नव्हतं. कोपऱ्यातली वाटी, फार तर पाव एकराची. झेंड्यांच्या बाहेर लगेच व्हर्लिनने गिरमिट घातलं, सात ठिकाणी. सातही ठिकाणी पिवळी, घट्ट, मूळची माती आली. प्रत्येक वेळी माती हातात चोळून त्याने आर्डिथला दाखवली.

"सेप्टिकचं काय?" मी चिडवलं.

"एका संडासासाठी एवढी लांब लाइन टाकलेली मी पहिल्यांदाच ऐकत होतो," तो म्हणाला, आणि आर्डिथ रडता रडता हसली.

मग तो ऑफिसात बसला तो चार वाजेपर्यंत. नव्या पत्र्यांवरचं पावसाचं पाणी शेजारच्या शेतात धाडकन जाऊ नये म्हणून ते अडवायला एक खड्डा ठेवावा लागतो, तसा काउंटीचा नियमच आहे. तो खड्डा त्याने पश्चिमेला नवा खणायचा धरला होता. तो खोडला. आता खड्डा तळ्याच्याच जागी. नाहीतरी पाण्याला तिथेच जायचं होतं, हे त्याने पावसात उभं राहून बघितलेलं होतं. आतलं सगळं बाहेर काढून डेपोवर न्यायचं, त्याचे पैसे धरले. तिसरी रांग आखूड केली. बावन्न गाळ्यांचे चव्वेचाळीस झाले.

"आठ गेले," आर्डिथ म्हणाली. आठ गाळ्यांचं भाडं म्हणजे तिच्यासाठी थोडं नव्हतं.

"आठ गेले," व्हर्लिन म्हणाला. त्याने तिची समजूत काढली नाही. "पाच लाख बारा हजार. बँकेच्या आत आहे. आणि हे फुटणार नाही."

भरावाच्या ओळीतला तिसरा रकाना अजून कोरा होता. त्याने कागद आणि पेन्सिल आर्डिथपुढे ठेवली. तिने तिथे आपलं नाव लिहिलं. मग त्यापुढे, माझ्यादेखत, व्हर्लिनने "खात्रीची" असं लिहिलं. मी त्याच्या बशीत चार बिस्किटं ठेवली. माफी मागणं मला जमत नाही आणि ते त्याला माहीत आहे.

गुरुवारी दहाला बँकेत किम्बल नावाचा नवा अधिकारी होता. तिशीतला, टाय लावलेला, आमच्या गावात येऊन त्याला दोन महिने झाले होते. विचिटावाल्यांचं रंगीत पुस्तक त्याने बाजूला ठेवलं आणि व्हर्लिनच्या कागदावरून बोट फिरवत गेला. मध्ये मध्ये फोन उचलून एखाद्या नावाला विचारायचा. रेडिगरला विचारलं, ड्वेनला विचारलं. भरावाच्या ओळीवर आर्डिथकडे बघितलं, तेव्हा ती ताठ बसून म्हणाली, "हो, मीच. माझ्या नवऱ्याने भरलं होतं." एवढंच. मान खाली घातली नाही.

किम्बलचं बोट कागदाच्या तळाशी येऊन थांबलं. तिथे एक ओळ होती जी आम्ही दोघींनी बघितली नव्हती. आमच्यामागे, घरी जाऊन, व्हर्लिनने ती रात्रीत कधीतरी लिहिली असणार.

"नव्यांतला गाळा क्रमांक चव्वेचाळीस," किम्बलने वाचलं. "आत लाकडी फळ्या. तळ्यातून निघणारे अल्बम, फोटो वगैरे धुऊन, वाळवून ठेवण्यासाठी. भाडं नाही. मालक विचारत येईपर्यंत. तीनशे दहा डॉलर." त्याने मान वर केली. "फळ्यांचं ठीक आहे. पण हे सांगितलं कोणी? इथे डॉइल असं लिहिलंय. या माणसाचा फोन नंबर मिळेल का?"

आर्डिथने माझा हात धरला, इतका घट्ट की अंगठी रुतली.

"फोन नाही त्याच्याकडे," व्हर्लिन म्हणाला. "पण माणूस खात्रीचा आहे."